धुक्यातला बाण आणि नियमाचा अर्थ

एखाद्या खेळाचे नियम समजून घ्यावयास प्रत्येकी तीनशेहून अधिक पानांचे तीन ग्रंथ वाचावे लागतात, आणि ते वाचूनही खेळाडूंची भांडणे मिटत नाहीत, असे सांगितले तर बुद्धिबळ किंवा पत्ते खेळणाऱ्या माणसाला ते खरे वाटणार नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ मात्र तसा आहे. आमच्या वसतिगृहात तो गेली दोन वर्षे शनिवारच्या रात्री चालतो. त्यातील युद्धाचे नियम कसे वाचावेत, एवढाच या लेखाचा मर्यादित विषय. विषय पोरकट वाटेल, हे मला मान्य आहे. तथापि मराठी आणि संस्कृत विभागांतील प्राध्यापकांनी थोडा धीर धरला, तर शब्दशक्तीचा जो प्रश्न ते वर्गात फळ्यावर मांडतात, तोच आम्ही खोलीत सतरंजीवर बसून फाशांच्या साक्षीने सोडवीत होतो, हे त्यांच्या ध्यानात येईल.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या खेळाला ठरलेला पट नाही आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. एक खेळाडू सूत्रधार होतो. इंग्रजीत त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि परिणाम अनिश्चित असेल तेथे फासा टाकतात. लढाईत वीस पैलूंचा फासा टाकून त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवावयाचा. ही बेरीज शत्रूच्या ‘आर्मर क्लास’इतकी किंवा त्याहून जास्त झाली की वार लागला. मग दुसऱ्या फाशाने इजा किती ते ठरते आणि तेवढे ‘हिट पॉइंट’ शत्रूच्या खात्यातून वजा होतात. इतके सरळ आहे. भांडण सुरू होते ते याच्या पुढे.

त्या रात्री सूत्रधार मी होतो. आमच्यातला एक मित्र जेमतेम तीन फूट उंचीच्या हाफलिंग जातीच्या तिरंदाजाचे पात्र चौदा महिने खेळत होता. बुटक्या जातींना मोठे धनुष्य पेलत नाही, म्हणून त्याच्याजवळ लहान धनुष्य होते. त्याचा पल्ला ऐंशी फुटांचा. त्यापुढे तीनशे वीस फुटांपर्यंत बाण जातो खरा, पण नेम कच्चा होतो. एकशे वीस फुटांवर एका बुरुजाच्या चर्येआड उभा राहून शत्रूपक्षाचा मांत्रिक मंत्र टाकीत होता. माझ्या मित्राने आपल्या बाजूच्या मांत्रिकाला सांगितले, “तू आपल्यावरच धुके पाड.” सगळ्यांना वाटले, हा आता पळण्याच्या विचारात आहे. धुके पडले, आणि गडी म्हणाला, “आता मी बाण मारतो.”

येथे एक नियम समजून घेतला पाहिजे. 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत, आणि आम्ही तीच खेळत होतो, नेमबाजीला मदत किंवा अडथळा करणाऱ्या जवळजवळ सर्व गोष्टी दोनच खात्यांत घातलेल्या आहेत. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यावयाचा. प्रतिकूल असेल तर दोन टाकून लहान आकडा घ्यावयाचा. आणि दोन्ही असतील तर ती परस्परांना खोडतात व एकच फासा टाकावयाचा. यातली मेख अशी की, अनुकूलता एक आणि प्रतिकूलता तीन असल्या तरी हिशेब तोच. वजाबाकी करून दोन प्रतिकूलता शिल्लक राहत नाहीत. एकाने सगळ्या खोडल्या जातात.

आता हिशेब पाहा. चर्येची आड धरून त्या मांत्रिकाचा आर्मर क्लास 18 होता, मित्राच्या तिरंदाजाचे कौशल्य 7. म्हणजे फाशावर 11 किंवा त्याहून जास्त पडावयास हवे. एका फाशाने ही शक्यता 50 टक्के. पल्ल्याबाहेरचा नेम म्हणजे प्रतिकूलता. दोन्ही फाशांवर 11 किंवा त्याहून जास्त आकडा यावयास हवा, म्हणून शक्यता उरते 25 टक्के. धुके नसताना स्थिती ही होती. धुके पडल्यावर तिरंदाजाला लक्ष्य दिसेना, म्हणून आणखी एक प्रतिकूलता आली. पण मांत्रिकालाही तिरंदाज दिसेना, आणि न दिसणाऱ्या माणसाने केलेल्या हल्ल्याला नियम अनुकूलता देतो. एक अनुकूलता आली आणि तिने दोन्ही प्रतिकूलता खोडल्या. पुन्हा एकच फासा, पुन्हा 50 टक्के. डोळ्यांपुढे धुके आले आणि नेम लागण्याची शक्यता दुप्पट झाली! शिवाय ज्या मंत्रांना समोरचा माणूस दिसावा लागतो, असे सगळे मंत्र त्या मांत्रिकाला बंद झाले ते वेगळेच. मित्राने हे सगळे आधी वाचून ठेवले होते.

त्याने फासा टाकला. 14 पडले. मी म्हणालो, “थांब. दुसराही टाक. धुक्यातून लांबचा नेम उलट सुधारतो, हे मी मान्य करणार नाही.”

“अरे, पण पुस्तकात आहे.”

“पुस्तकाला असे म्हणावयाचे नसेल.”

दुसऱ्या फाशावर 4 पडले. बाण चुकला. पुढच्या फेरीत मांत्रिकाने अग्निगोळ्याचा मंत्र टाकला. त्याला माणूस दिसावा लागत नाही, पल्ल्यातले एखादे ठिकाण ठरविले की पुरते. तिरंदाज आधीच जखमी होता, तो शून्यावर आला. शून्यावर आलेल्या पात्राला दर फेरीला नशिबाचा फासा टाकावा लागतो. दहाच्या खाली तीनदा गेला की पात्र मेले. उपचार करणारी सोबतीण पुलाच्या पलीकडे अडकलेली होती. फासा तीनदा खाली गेला. मित्राने आपला कागद घडी करून खिशात घातला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढचे पाच शनिवार तो आला नाही.

खेळातल्या पात्राच्या मृत्यूचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. मीही पहिल्या रात्री तसेच म्हणालो. पण त्या पाच शनिवारांत मी जे वाचले आणि जो विचार केला, त्यातून हा लेख झाला आहे.

माझ्या निर्णयाचे समर्थन मी प्रथम लक्षणेच्या आधाराने केले. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्य अर्थाला बाध यावा, नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी संबंध असावा, आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हे उदाहरण सर्वांच्या पाठचे. प्रवाहावर वस्ती होऊ शकत नाही, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. मी म्हणालो, धुक्यातून नेम सुधारणे हे प्रवाहावर वस्ती करण्यासारखेच आहे. मुख्यार्थ बाधित झाला, म्हणून नियमाचा शब्द सोडून हेतू धरला पाहिजे.

हा युक्तिवाद मला तीन दिवस फार आवडला. चौथ्या दिवशी त्यातले भोक दिसले. या खेळातल्या जगात गंगेवर गवळी सहज राहू शकतात! तिसऱ्या पातळीचा एक मंत्र दहा जणांना तासभर पाण्यावरून चालवतो. म्हशींचाही प्रश्न नाही, त्यांना दहांत मोजावयाचे एवढेच. ज्या जगात हे घडते तेथे ‘असे होऊच शकत नाही’ हा बाध आणावयाचा कोठून? वाचक आपल्या जगाच्या अनुभवावरून वाक्याला असंभव म्हणतो. अद्भुत कथेत तो अनुभव प्रमाण नसतो. वसतिगृहाच्या गच्चीवरून धुके पाहून मी त्या जगातल्या धुक्याबद्दल निर्णय दिला होता.

हा प्रश्न जुना आहे आणि तो या खेळाच्या कर्त्यांनाही पडलेला होता, हे मला नंतर कळले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ प्रथम प्रसिद्ध केला. तीन लहान पुस्तिका, पहिल्या छपाईच्या प्रती फक्त एक हजार. लढाईसाठी त्यांत ‘चेनमेल’ या 1971 च्या युद्धखेळाचा हवाला होता आणि जोडीला एक ‘पर्यायी’ पद्धत दिली होती. लोकांनी पर्यायच उचलला. वीस पैलूंचा फासा टाकण्याची आजची रीत ही त्या पर्यायाची वंशज. तेव्हापासून वाचक विचारू लागले की, दहा योद्ध्यांना पुरतील इतके हिट पॉइंट एका माणसात कसे? त्याच्या अंगात रक्त जास्त असते काय? गायगॅक्सने 1979 च्या सूत्रधार-ग्रंथात याचे उत्तर दिले. त्याचा आशय असा की, हिट पॉइंट म्हणजे केवळ शरीर नव्हे. त्यातला थोडा भाग शरीराचा, बाकीचा कसब, दैव आणि देवाची कृपा यांचा. वार ‘लागला’ म्हणजे तलवार मांसात गेली असे नाही, योद्धा थोडक्यात वाचला आणि त्याचे दैव तेवढे खर्च झाले. त्या आवृत्तीत लढाईची एक फेरी एका मिनिटाची असे. त्या मिनिटात अनेक वार-प्रतिवार होत असणार, फासा फक्त त्यांची गोळाबेरीज सांगतो.

ही शुद्ध लक्षणा आहे, आणि मोठी सुंदर आहे. पण तिचेही धागे उसवतात. वार लागलाच नसेल तर तलवारीला लावलेले विष अंगात कसे भिनते? जखमा भरण्याचा मंत्र दैव कसे भरून काढतो? तलवारीचे अनेक वार एका फाशात बसले, तर धनुष्याचे बाण मात्र एकेक करून का मोजावयाचे, आणि धनुर्धराने मिनिटात दोनच बाण का सोडावेत? पुढे 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फेरी सहा सेकंदांची झाली आणि हा शेवटचा प्रश्न बराच निवळला. विषाचा प्रश्न अजून तसाच आहे. पाचव्या आवृत्तीत उंचावरून पडले तर दर दहा फुटांना सहा पैलूंचा एक फासा, आणि जास्तीत जास्त वीस फासे. म्हणजे हजार फुटांवरून पडूनही इजा 120 पेक्षा जास्त नाही, सरासरी 70. विसाव्या पातळीच्या धडधाकट योद्ध्याजवळ दीडशेहून अधिक हिट पॉइंट असतात. तो कड्यावरून उडी मारतो, कपडे झटकतो आणि चालू लागतो. यात दैव आहे की शरीर? आमच्या टेबलावर एकाने अशी उडी मारली तेव्हा मी हसून ती मान्य केली होती. तेव्हा मला मुख्यार्थाचा बाध दिसला नाही. धुक्याच्या वेळी दिसला. या विसंगतीचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि मित्राने नेमके तेच बोट ठेवले असते, जर तो बोलावयास तयार असता तर.

शब्दाला धरून वाचणाऱ्यांची बाजूही मी तितक्याच आस्थेने पाहिली. 2014 च्या पुस्तकात ‘अदृश्य’ स्थितीची दोन कलमे दिली होती. पहिल्याचा आशय, अदृश्य प्राणी मंत्राच्या किंवा विशेष इंद्रियाच्या मदतीशिवाय दिसत नाही. दुसऱ्याचा आशय, त्याच्यावरील हल्ल्यांना प्रतिकूलता आणि त्याच्या हल्ल्यांना अनुकूलता. आता अदृश्य पाहण्याचा मंत्र टाकून मला तो प्राणी लख्ख दिसत असेल तर? दुसऱ्या कलमात ‘दिसत नसेल तर’ हे शब्दच नाहीत. शब्दशः वाचले तर समोर दिसणाऱ्या शत्रूवरही माझा नेम कच्चाच. त्या वेळचे प्रमुख नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनीही लिखित नियमाचा अर्थ असाच होतो हे मान्य केले, तेव्हा पुष्कळ खेळाडूंनी कपाळावर हात मारला.

हा वाद मीमांसकांनी क्षणात ओळखला असता. प्रश्न एकवाक्यतेचा आहे. दोन कलमे म्हणजे दोन स्वतंत्र वाक्ये, की दुसरे पहिल्याचेच फळ सांगणारे एकच वाक्य? एका प्रयोजनाने बांधलेल्या शब्दांचे एक वाक्य करावे, विनाकारण वाक्यभेद करू नये, हा मीमांसेचा दंडक. तो लावला तर अदृश्यतेचा लाभ न दिसण्यातूनच निघतो, आणि दिसला की लाभ संपला. उलट कोणी म्हणेल, स्थितीचे नावच ‘अदृश्य’ आहे, म्हणून लाभ दिसण्यावर अवलंबून असणारच. पण हा पुरावा कच्चा. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या या जैमिनीच्या सहा प्रमाणांत समाख्या, म्हणजे नाव, सर्वांत दुबळे. शेवटी 2024 च्या सुधारित आवृत्तीत ज्याला तो प्राणी दिसतो त्याच्याविरुद्ध हा लाभ मिळत नाही, असे स्पष्ट शब्द घातले गेले. दहा वर्षे लागली. नियमकर्त्यांचा मूळ हेतू असाच होता की नंतर बदलला, हा निराळा वाद आहे. मला त्यात शिरावयाचे नाही.

आपल्या शास्त्रांची आणखी एक खूण या ग्रंथात सापडते. विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो, असे त्यात आरंभीच सांगितलेले आहे. व्याकरणातला उत्सर्ग आणि अपवाद तो हाच. धुक्याच्या प्रसंगी मी हा आधार शोधून पाहिला. धुक्याच्या मंत्रात तसा काहीच विशेष नियम नव्हता.

मग राहिला सूत्रधाराचा अधिकार. पुस्तक म्हणते की सत्ता नियमांची नाही, सूत्रधाराची आहे. या अधिकाराचा उगम फार लांबचा आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 मध्ये फॉन राइसविट्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीग्सश्पील’ हा युद्धखेळ प्रसिद्ध केला. नकाशे, फासे, इजेची कोष्टके, आणि दोन्ही पक्षांवर एक पंच. पंचाने कोष्टक पाहून निकाल द्यावयाचा. नियम इतके वाढले की एकेका हालचालीला वेळ लागू लागला, आणि 1876 मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा ‘मुक्त’ युद्धखेळ पुरस्कारला. पुढे 1880 मध्ये टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ लिहिला. तो मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्ह वेस्लीच्या हाती लागला. खेळाडूने काहीही करून पाहावे, ते साधते की नाही हे पंचाने ठरवावे, ही कल्पना त्याने तेथून घेतली आणि 1969 मध्ये आपल्या मित्रांना ‘ब्राउनश्टाइन’ हा खेळ खेळवला. त्या मित्रमंडळात अर्नेसन होता.

हे वाचून मला आधी बरे वाटले. आपल्यामागे प्रशियाची सेना उभी आहे! पण फेर्दीच्या पंचाने लढाया पाहिलेल्या असत. त्याचा शब्द चालावयाचा तो तेवढ्यासाठी. एकशे वीस फुटांवरून धुक्यातून बाण मी कधी मारला होता? मी तर साधी गलोलही नीट मारलेली नाही. माझ्या निर्णयामागे लढाईचे ज्ञान नव्हते, फक्त धुक्याविषयीचा एक समज होता. आणि तो समज मी बोलून दाखविला केव्हा, तर फासा पडल्यावर.

या वेळेच्या मुद्द्यापाशी मी अडलो आणि अजून तेथेच आहे. नियम शब्दाने वाचावा की हेतूने, या प्रश्नाला मला सर्वकाळचे उत्तर सापडलेले नाही. धुक्याचा तो नियम मला आजही वेडगळ वाटतो. धुके पाडण्यापूर्वी मित्राने विचारले असते, किंवा मी आपण होऊन सांगितले असते, तर प्रतिकूलता लावणे अन्यायाचे नव्हते. त्याने दुसरा काही बेत केला असता, पुलाकडे सरकला असता. पण त्याने नियम वाचून त्यावर आपल्या पात्राचा जीव लावला. लढाईत खेळाडूच्या हाती दुसरे काय असते? त्याला त्या जगाचे धुके दिसत नाही, वारा लागत नाही. त्या जगाविषयी त्याला जे कळते ते दोनच वाटांनी, सूत्रधाराच्या तोंडून आणि पुस्तकाच्या शब्दांतून. मी तोंड उघडले नव्हते, तोवर पुस्तक हेच त्याचे डोळे होते. नियमाचा हेतू मी पुष्कळ शोधला, पण त्या वाक्याचा एक वाचक माझ्यासमोर बसला होता आणि तो त्या वाक्यावर विसंबला होता, हे माझ्या व्याख्येत कोठेच नव्हते.

आता आमच्याकडे एक वही आहे. एखादा नियम आम्ही पुस्तकाहून वेगळा लावणार असू तर तो तीत लिहावयाचा, आणि लिहिल्याच्या पुढच्या शनिवारपासून तो लागू. धुक्याचा नियम पहिल्या पानावर आहे. सहाव्या शनिवारी मित्र आला, त्याने वही चाळली, काही बोलला नाही, आणि एका नव्या पात्राचा कागद काढून बसला. या वेळी मांत्रिक.

एक गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. शत्रूच्या पात्रांचे हिट पॉइंट सूत्रधाराच्या कागदावर असतात, खेळाडूंना दिसत नाहीत. त्या रात्री बुरुजावरच्या मांत्रिकाजवळ चार उरले होते. मित्राच्या बाणाची इजा, फासा कितीही वाईट पडला तरी, पाचाच्या खाली जात नव्हती. तो 14 मी धरला असता तर अग्निगोळा कधी सुटलाच नसता. या अंकाची प्रत त्याच्याही हाती पडेल.